मोठं नाव की टीममध्ये जागा? लेकीचं कॉलेज आणि स्क्वॉश

गवतफुला

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मुलांना वाढवणाऱ्यांचं, विशेषतः खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांचं मत हवंय. सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणालाच नीट सांगता येणार नाही.

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक प्रायव्हेट डे स्कूलमध्ये आहे, आता बारावीत जाईल. तिच्या शाळेत प्रत्येक सीझनला काही ना काही खेळावंच लागतं. त्यातून सातवीत स्क्वॉशची रॅकेट हातात आली ती सुटली नाही. शाळेच्या टीममध्ये पहिल्या तिघींत असते. शनिवार-रविवार आमची गाडी फिलाडेल्फियाच्या नाहीतर कनेक्टिकटच्या रस्त्याला लागलेली असते. अभ्यासातही चांगली आहे, सगळीकडे ए आणि ए-मायनस, एसएटी १५३०.

आता मुद्दा. नेस्कॅकमधल्या (ही कॉलेजांची एक खेळांची लीग) एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजच्या कोचने जुलैत तिचं प्री-रीड करून घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोच मुलीचे आजवरचे ग्रेड्स, एसएटी आणि बारावीत घेणार असलेले विषय ॲडमिशन ऑफिसला आधीच दाखवते आणि "ही चालेल का?" असं विचारून घेते. उत्तर चांगलं आलं. कोचचं म्हणणं, अर्ली डिसिजनने अर्ज करणार असशील तर माझा पूर्ण पाठिंबा. ईडी म्हणजे बंधनकारक, मिळालं की जायचंच. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिला उत्तर हवंय.

आयव्ही लीगमधल्या (हार्वर्ड, कोलंबिया, पेन वगैरे आठ नामवंत विद्यापीठं) दोन कोचेसनी मेलला छान उत्तरं दिली, पण पुढे काही सरकलं नाही. तिसऱ्याने स्पष्ट सांगितलं, स्वतःच्या बळावर ॲडमिशन घेऊन आलीस तर ट्रायआउट (निवड चाचणी) देऊ. नवऱ्याचं मत असं की हिचे मार्क पाहता खेळ बाजूला ठेवून कोलंबिया, पेन, शिकागो, कार्नेगी मेलनला सरळ अर्ज करावा. शाळेला वर्षाला चाळीस-पन्नास हजार डॉलर भरले, ते काय पुण्यात कुणी नावही ऐकलं नाही अशा कॉलेजसाठी का? सासरे फोनवर हेच विचारतात. लेक म्हणते, मला खेळायचंय. पण ती सतरा वर्षांची आहे, आणि एका कोचने आपल्याला निवडलं याचा आनंद किती आणि पुढची चार वर्षं खेळायची खरी ओढ किती, हे मला ओळखता येत नाहीये.

तुम्ही काय केलंत? काय कराल?

---

सह्यकडा

आधी पैशाचा विषय मिटवू, कारण बऱ्याच घरांत चर्चा तिथेच भरकटते. आयव्हीची आठही विद्यापीठं डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात खेळतात, पण खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. नेस्कॅक डिव्हिजन ३, तिथे तर नियमानेच नाही. मदत मिळते ती फक्त घरची गरज पाहून. त्यामुळे "खेळ खेळली तर फी सुटेल" हे तुमच्या बाबतीत गणितातच नाही. याची चांगली बाजू अशी की उद्या तिने खेळ सोडला तर फायनान्शियल एड जात नाही. स्कॉलरशिपवर खेळणाऱ्या मुलांना एवढं मोकळं राहता येत नाही.

माझा मुलगा एका मोठ्या राज्य विद्यापीठात डिव्हिजन १ ला पोहला. कागदावर आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि एक दिवस सुट्टी. पण स्पर्धेला जाण्यायेण्याचा प्रवास त्यात मोजत नाहीत, आणि "ऐच्छिक" म्हणून जे असतं ते कुणी चुकवत नाही. त्याला मेकॅनिकल घ्यायचं होतं. लॅब दुपारी एक ते चार, सराव तीनला. दोन सेमिस्टर ओढाताण केली आणि मग आकडेशास्त्राकडे वळला. त्यात तो खूश आहे, नोकरीही छान लागली. पण विषय पोहण्याच्या वेळापत्रकाने ठरवला, हे खरं. तुमच्या लेकीला कोणता विषय घ्यायचाय?

---

गवतफुला

सह्यकडा, धन्यवाद. जीवशास्त्र, बहुधा पर्यावरणाच्या अंगाने. लॅबचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता, विचारून घेते.

---

बोरिवलीकर

नाव सोडू नका असं माझं प्रामाणिक मत. आपला सौरभ नेत्रवळकर बघा. २०१० मध्ये भारताकडून अंडर-१९ विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला. मग क्रिकेट बाजूला ठेवून कॉर्नेलला कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स केलं, ओरॅकलमध्ये लागला. आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकात डॅलसला पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्याच्याच हातात होती. शिक्षण भक्कम असेल तर खेळ परत येतो. खेळासाठी शिक्षण सोडलं तर ते परत येत नाही.

---

चाफेकळी

बोरिवलीकर, नेत्रवळकरचं कौतुक मलाही आहे, पण ते उदाहरण इथे लागू होत नाही. तो इंजिनिअरिंग पूर्ण करून मास्टर्सला आला होता, आणि इथल्या कॉलेजांच्या खेळव्यवस्थेत क्रिकेट नाहीच. शिवाय गवतफुलाची लेक खेळासाठी शिक्षण सोडत नाहीये हो! नेस्कॅक म्हणजे विल्यम्स, ॲमहर्स्ट, मिडलबरी, बोडन, टफ्ट्स यांची लीग. अकराच्या अकरा कॉलेजं अभ्यासाला कडक. आपल्या नातेवाइकांना माहीत नसतील, पण इथल्या मेडिकल आणि लॉ स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसांना पुरेपूर माहीत आहेत.

माझी धाकटी तिथेच एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, स्क्वॉश नाही, फील्ड हॉकी. तिचा सीझनमधला दिवस सांगते म्हणजे कल्पना येईल. सकाळी वर्ग, दुपारी लॅब किंवा लायब्ररी, साडेचारला सराव, साडेसहाला सगळ्या टीमचं एकत्र जेवण, आठपासून अभ्यास. शनिवारी सामना, बसमध्ये पुस्तकं. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा आणि बाहेरगावचा सामना एका दिवशी आला तेव्हा प्रोफेसरांनी तिला आदल्या दिवशी पेपर लिहू दिला. तिथे खेळाडू म्हणजे वेगळी जमात नसते. काही कॉलेजांत तर दर तीन मुलांमागे एक कुठल्या ना कुठल्या टीममध्ये असतं. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये ती घरापासून सहा तासांवर एकटी गेली, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच तिला वीसेक मैत्रिणी होत्या. पहिल्या आजारपणात सूप आणून देणारी सीनियर टीममधलीच होती. आई म्हणून मला याची किंमत रँकिंगपेक्षा जास्त वाटते.

---

अनाहूत

मोठ्या नावाचा फायदा किती, यावर बराच अभ्यास झालाय. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवलं की तितक्याच तयारीची दोन मुलं घेतली, एक नावाजलेल्या कॉलेजात गेलं आणि एक नाही, तर पुढच्या सरासरी कमाईत फारसा फरक दिसत नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र फायदा होतो. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रिडमन यांनी आयव्ही, स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो अशी बारा विद्यापीठं घेऊन पुन्हा पाहिलं. सरासरी कमाईत फरक थोडाच, पण वरच्या एक टक्क्यात पोचायची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढते आणि नामवंत कंपन्यांत काम मिळण्याची जवळपास तिप्पट होते.

म्हणजे नावाला काहीच अर्थ नाही असं म्हणता येणार नाही. पण तिथे तुलना मोठ्या राज्य विद्यापीठांशी आहे, विल्यम्स-बोडनसारख्या कॉलेजांशी नाही. आणि पर्यावरणातल्या जीवशास्त्रात जायचं असेल तर वॉल स्ट्रीटच्या दारावरची गर्दी तुमच्या कामाची नाही. तिथे महत्त्वाचं काय, तर दुसऱ्या वर्षापासून प्रोफेसरांच्या हाताखाली संशोधन करायला मिळतंय का. छोट्या कॉलेजांत सहसा पीएचडीचे विद्यार्थी नसतात, त्यामुळे ते काम पदवीच्या मुलांकडेच येतं.

---

निशिगंध

मला एक वेगळं बोलायचंय. कुणाला लागलं तर माफ करा, पण हे बोलायलाच हवं. खेळाच्या दारातून प्रवेश हा या देशातला सर्वांत मोठा वशिला आहे. हार्वर्डच्या प्रवेशप्रक्रियेवरच्या खटल्यात जी आकडेवारी बाहेर आली तिच्यात रिक्रूट केलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळालेला दिसतो. बाकीच्यांना शंभरात सहा-सात. आणि कोणते खेळ? स्क्वॉश, रोइंग, फेन्सिंग, सेलिंग. सरकारी शाळेतल्या पोराने स्क्वॉश कोर्ट बघायचं कुठे? २०१९ च्या व्हर्सिटी ब्लूज प्रकरणात श्रीमंत आईबापांनी कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून घुसवलं, ते याच दारातून. चेट्टींच्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलंय, त्यातही श्रीमंत मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाचं एक कारण खेळाडूंची भरती हेच आहे.

---

चाफेकळी

निशिगंध, व्यवस्था विषम आहे, मान्य. पण ८६ टक्के हा आकडा कोचने आधी गाळून घेतलेल्या मुलांचा आहे. ज्यांना "नाही" म्हटलं ती मुलं त्यात मोजलेलीच नाहीत. गवतफुलाच्या लेकीला दोन-तीन ठिकाणांहून नकार आलाच की. आणि सातवीपासून रोज कोर्टवर घाम गाळणाऱ्या पोरीला व्हर्सिटी ब्लूजच्या ओळीत बसवू नका, ते न्यायाचं नाही.

---

निशिगंध

तिला मी त्या ओळीत बसवलेलं नाही. तिची मेहनत खरी आहे. माझं म्हणणं दाराबद्दल आहे, त्यातून आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीबद्दल नाही. ज्या मुलीला हे दार उघडं आहे तिच्या घरात ही जाणीव असावी, एवढंच.

---

तेजोमय

मी इथे फारसा लिहीत नाही, पण हा माझाच विषय आहे. कनेक्टिकटमध्ये वाढलो, प्रायव्हेट स्कूलमध्ये शिकलो, कॉलेजात चार वर्षं स्क्वॉश खेळलो. आता नोकरी करतो आणि शनिवारी लहान मुलांना शिकवतो. मराठी लिहिताना चुकलो तर समजून घ्या.

फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये अभ्यासाचं नाव आणि खेळाचा दर्जा वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो. स्क्वॉशमध्ये तसं नाही. सगळ्यात नावाजलेली कॉलेजंच सगळ्यात जबरदस्त टीम बाळगून आहेत. अमांडा सोबी हार्वर्डला होती, चार वर्षांत एकही मॅच हरली नाही, आणि पुढे जगातल्या पहिल्या दहांत गेली. त्या दर्जाच्या टीममध्ये आता इजिप्त, इंग्लंड, मलेशिया, भारत इथून मुली येतात. मुंबई-चेन्नईच्या मुली पण. दुसरीकडे डिव्हिजन ३ म्हणजे दुय्यम, असंही नाही. हार्टफर्डचं ट्रिनिटी कॉलेज नेस्कॅकमधलं आहे, आणि त्यांच्या पुरुष संघाने १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकले. त्या संघांत भारतातून आलेली मुलं होती. म्हणून आजोबांना सांगा, स्क्वॉशवाल्यांत त्या लीगचं नाव ऐकलं नाही असं कुणी नसतं.

कॉलेज स्क्वॉशमध्ये सामन्यात नऊ जणी खेळतात. टीममध्ये बारा-पंधरा असतात. नऊ कोण, ते लॅडर म्हणजे टीममधली क्रमवारी ठरवते, आणि लॅडर आपापसातल्या चॅलेंज मॅचेसवर. म्हणजे ज्या मैत्रिणीबरोबर सकाळी नाश्ता केला तिच्याशीच दुपारी सातव्या नंबरसाठी भांडायचं. ज्या आयव्हीच्या कोचने "ॲडमिशन घेऊन ये, मग बघू" म्हटलं, तिथे तुमची मुलगी बहुतेक बाराव्या-तेराव्या नंबरवर असेल. सराव सगळा करायचा, बसमध्ये बसायचं, आणि मॅच खेळायची नाही. काही जणांना ते चालतं. माझ्या एका मित्राला चाललं, टीमचा भाग असणं त्याला पुरे होतं. मला चाललं नसतं. तुमच्या मुलीला थेट विचारा: खेळायचंय म्हणजे टीमचं जॅकेट घालायचंय, की मॅच खेळायचीय?

आयव्हीबद्दल अजून एक. तिथे ॲकॅडेमिक इंडेक्स असतो, मार्क आणि टेस्ट मिळून काढलेला आकडा, आणि खेळाडूंची सरासरी कॉलेजच्या बाकी मुलांपासून फार खाली जाऊन चालत नाही. म्हणून कधी कधी कोच चांगल्या मार्कांचा एखादा खेळाडू घेतो तो सरासरी सावरायला. १५३० वाल्या मुलीला असं बोलावणं येऊ शकतं. ते वाईट नाही, पण आपण कशासाठी बोलावले गेलो हे माहीत असावं.

काकांच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या यादीबद्दल: शिकागो आणि कार्नेगी मेलनमध्ये व्हर्सिटी स्क्वॉश (कॉलेजची अधिकृत टीम) नाही, क्लब आहे. क्लब टीम पण स्पर्धांना जातात आणि मजा असते, आठवड्यातून दोन-तीनदा सराव, लॅब चुकत नाही. तिला ते पुरेल का, हे आताच करून बघता येईल. तिने दोन आठवडे कोचिंग बंद ठेवून फक्त मैत्रिणींबरोबर खेळून बघावं. तेवढ्याने भागतंय का, तिचं तिलाच कळेल.

आणि "पूर्ण पाठिंबा" हे शब्द ऐकून थांबू नका. कोचला फोनवर विचारायचं, आणि मुलीनेच विचारायचं, आईने नाही: गेल्या तीन वर्षांत किती जणींना असा पाठिंबा दिला, आणि त्यातल्या किती जणींना प्रवेश मिळाला? माझ्या वर्षाला अजून किती जणी येतायत? पहिल्या वर्षी लॅडरवर मी कुठे दिसते तुम्हाला? तुम्ही स्वतः पुढची चार वर्षं इथे आहात का? चांगला कोच या प्रश्नांनी चिडत नाही. तोंडी कमिटमेंट कुणालाच बांधत नाही, त्यांनाही नाही. पक्कं होतं ते ॲडमिशनचं पत्र आल्यावर.

शेवटचं. टीमवर किती विसंबायचं ते बघा. २०२० मध्ये स्टॅनफर्डने अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात स्क्वॉश होतं. पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतला, पण मधले महिने त्या मुलांचे कसे गेले असतील. ब्राउनने पण त्याच वर्षी अकरा टीम्सना व्हर्सिटीतून काढायचं ठरवलं, त्यातही स्क्वॉश. गुडघा जाऊ शकतो, कोच जाऊ शकतो, टीमसुद्धा जाऊ शकते. म्हणून सगळे सांगतात की खेळ नसता तरी आवडेल असं कॉलेज निवडा. हे मला अर्धंच पटतं. खेळ नसता तर मी माझं कॉलेज निवडलं नसतं, आणि तरी ती माझी सगळ्यात चांगली चार वर्षं होती. मी म्हणेन, खेळ गेला तरी तिथे राहावंसं वाटेल एवढं तरी ते कॉलेज असावं. पहिली पसंती असायलाच हवं असं नाही.

---

अनाहूत

तेजोमय, फार उत्तम लिहिलंत. मराठीत एकही चूक नाही.

---

बोरिवलीकर

तेजोमय यांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं. तरी विचारतो: ईडी इथे लावली आणि प्रवेश मिळाला की आयव्हीचा दरवाजा कायमचा बंद. पोरीने एकदा तरी प्रयत्न करून बघायला नको का?

---

सह्यकडा

बोरिवलीकर, प्रायव्हेट स्कूलमधली मेख तिथेच आहे. शंभर मुलांच्या वर्गात पंधरा-वीस जण त्याच चार-पाच विद्यापीठांना अर्ज करतात, सगळ्यांचे मार्क सारखेच. ऑक्टोबरपासून रिक्रूट झालेल्यांना लाइकली लेटर्स (प्रवेश जवळपास नक्की असल्याची आगाऊ पत्रं) यायला लागतात. बाकीच्यांना अर्ज पाठवायच्या आधीच कळतं की आपल्याच शाळेतून दोघं-तिघं आत गेलेत. आमच्या मुलाच्या वर्गात हे जवळून पाहिलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं का, हा निर्णय त्या गर्दीकडे बघून घ्या. शाळेच्या काउन्सेलरकडून तिच्यासारख्या मार्कांच्या मुलांचे गेल्या काही वर्षांचे निकाल मागा, त्यांच्याकडे ते असतात.

---

गवतफुला

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झालं ते सांगते.

काउन्सेलरने निकाल दाखवले. लेकीच्या मार्कांच्या, खेळ किंवा दुसरा कुठला आधार नसलेल्या मुलांचे आयव्हीतले प्रवेश एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नवरा ते बघून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मला वाटत होतं आपल्या हातात दोन पर्याय आहेत.

लेकीने कोचला स्वतः फोन केला, तेजोमयचे प्रश्न कागदावर लिहून घेऊन. कोचने सगळ्यांची उत्तरं दिली. पहिल्या वर्षी सातवा-आठवा नंबर, म्हणजे खेळायला मिळेल, पण दर आठवड्याला जागा राखावी लागेल. जीवशास्त्राच्या लॅब बहुतेक दीड ते साडेचार, सराव त्यानंतर, आणि टीममधल्या दोघी सध्या जीवशास्त्रातच आहेत. त्यांच्यापैकी एकीशी बोलणं करून दिलं. ती उन्हाळाभर प्रोफेसरांबरोबर खारफुटीच्या चिखलात नमुने गोळा करत होती म्हणे. लेकीने त्या बोलण्यानंतर स्क्वॉशबद्दल मला एक शब्द सांगितला नाही, नुसतं त्या चिखलाबद्दल बोलत होती. माझा जो प्रश्न होता, की ओढ नेमकी कशाची, त्याचं उत्तर मला त्यात मिळालं. हे कॉलेज तिला खेळ सोडूनही हवंय.

निशिगंध, तुमचा मुद्दा आम्ही तिघांनी जेवताना बोललो. लेक म्हणाली, तिच्या शाळेच्या कोर्टवर रविवारी जवळच्या सरकारी शाळांतल्या मुलांना शिकवण्याचा कार्यक्रम चालतो, त्यात ती वर्षभर जाणार आहे. त्याने व्यवस्था बदलत नाही हे तिलाही कळतं.

तर आम्ही ईडी तिथेच लावतोय. एकच धास्ती उरलीय: बंधनकारक अर्ज, वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास, आणि मदत किती मिळेल ते प्रवेश झाल्यावर कळणार. धाकटा दोन वर्षांनी याच वळणावर येईल.

---

चाफेकळी

फार छान झालं. खर्चाचं मात्र डिसेंबरपर्यंत थांबू नका. कोचला सांगा, फायनान्शियल एडचंही प्री-रीड करून हवंय. बरीच डिव्हिजन ३ कॉलेजं ईडीच्या आधी कागदपत्रं घेऊन अंदाज देतात. कॉलेजच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती भरावं लागेल त्याचा अंदाज देणारं) आजच भरून बघा. अंदाज परवडणारा नसेल तर ईडीचा अर्ज करू नका, कोचला तसं आत्ताच सांगितलेलं तिलाही बरं पडतं.

---

गवतफुला

एडचंही प्री-रीड असतं हे माहीत नव्हतं. गेल्या वर्षीचे टॅक्स रिटर्न काढून ठेवलेत, लेक उद्या सकाळी कोचला मेल करतेय.